न सोडणारा ड्राइव्ह

१

ठिणगीचं बोलणं कुणीच खरं मानलं नाही. लेकीनं नाही, जावयानं नाही, डॉक्टरनं तर नाहीच नाही. डॉक्टर म्हणाला, "बाई, विश्रांतीची गरज तुम्हालाच जास्त आहे." लेक म्हणाली, "आई, तुझं आपलं काहीतरीच." जावई मोबाइलकडे बघत नुसता हसला, आणि ते हसू तिला त्या दोघांच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. जिच्या तोंडाला आयुष्यभर सगळी गल्ली टरकून होती, त्या बाईला आता तोंड असून उपयोग नव्हता. ओरडली तर वेडी ठरणार, आणि गप्प बसली तर नवरा डोळ्यांदेखत हातातून चालला होता.

ठिणगी ही अशी जन्मापासून फटकळ. नवऱ्याला सगळे मालक म्हणायचे, तीही मालकच म्हणायची. सिनेमाच्या डिस्क भाड्यानं द्यायचं त्यांचं दुकान होतं, बावीस वर्षं चाललं. दुकानाचे दोन नियम होते. परत आलेली डिस्क ठिणगी पुसणार, मऊ फडक्यानं, मधून कडेकडे सरळ. गोल पुसलं की ओरखडा लांबत जातो, हे तिनं कित्येक गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. आणि दुसरा नियम मालकांचा. नवी डिस्क आली की ते स्वतः पहिल्या अक्षरापासून शेवटच्या नावापर्यंत बघणार, मग पाकिटाच्या आत पेन्सिलीनं बारीक 'पास' लिहिणार. त्याशिवाय डिस्क दुकानाबाहेर जात नसे.

"एवढं बघून डोळे फुटतील तुमचे," ती म्हणायची.

"फुटू देत. पण मधेच अडकलेला सिनेमा नेला आणि गिऱ्हाईक परत आलं, तर तू त्याचे डोळे फोडशील. त्यापेक्षा माझे गेलेले बरे."

दुकान बंद झालं तेव्हा सहाशे अकरा डिस्क घरी आल्या. पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत भरली. मालक दिवसातून एकदा तरी त्या भिंतीपुढून हात फिरवत जायचे. प्रत्येक सिनेमा तोंडपाठ. लेक लहान असताना एखाद्या पाकिटावर बोट ठेवायची आणि मालक त्यातली कुठलीही जागा म्हणून दाखवायचे, बायकांचे आवाज काढूनसुद्धा.

२

मग डिस्कना डाग पडू लागले. कडेनं तपकिरी, चहा सांडल्यासारखे. ठिणगीनं पुसलं, पुन्हा पुसलं, जाईनात. डाग आतून होते.

मालकांनी तीन दिवस धड जेवण केलं नाही. लेक म्हणाली, "बाबा, कॉपी करून घ्या सगळं. कॉम्प्युटर आहेच घरात. एक ड्राइव्ह आणा, डिस्क वाचणारा. आणि साठवायला मोठी हार्ड डिस्क मी देते."

ड्राइव्ह आणायला ठिणगी गेली, मालकांचे गुडघे धरले होते म्हणून. चौकापलीकडे एका दुरुस्तीवाल्याचं दुकान होतं. जाड भिंगाचा चष्मा, टेबलावर उघडलेली यंत्रं, कोपऱ्यात चक्क खिडकीएवढा जुना टीव्ही. त्यानं काचेवर तीन ड्राइव्ह मांडले.

पहिला पातळ, वहीएवढा. "हा कॉम्प्युटरवरच चालतो, वेगळी पिन नको. दिसायला छान."

"दिसायला मला मुलगी दाखवताय का? डाग पडलेली डिस्क वाचतो का, सांगा."

"वाचेल. नाही जमलं तर बाहेर टाकेल." दुसरा चिरेतून डिस्क आत ओढणारा होता. "हा जरा महाग. मात्र अडकली डिस्क तर काढायला माझ्याकडेच यावं लागेल."

"म्हणजे तुमची सोय. पुढचा?"

तिसरा जड होता. पत्र्याचा डबाच, स्वतःची वायर, मागं पंख्याची जाळी, वरून पिवळट पडलेला. दुरुस्तीवाल्यानं तो दोन्ही हातांनी पुढं सरकवला. "हा जुना आहे. नव्यांना धीर नसतो हो बाई. दोनदा बघतात, नाही जमलं की सोडून देतात. हा सोडत नाही. वेग कमी करतो, पुन्हा वाचतो, पुन्हा वाचतो. एका डिस्कला दिवस लागला तरी लावेल, पण जे असेल ते काढून घेतो."

ठिणगीला तो ड्राइव्ह आपल्यासारखाच वाटला.

"हाच द्या," ती म्हणाली.

३

पहिले पंधरा दिवस घरात दुकान परत आल्यासारखं होतं. जेवणं उरकली की ठिणगी डिस्क पुसायची, ड्राइव्हमध्ये ठेवायची, आणि आतून घर्रघर्र सुरू व्हायची. कधी हळू, कधी चढत जाणारी, मधेच थांबून परत मागं येणारी. कॉपी झाली की मालक खुर्ची स्क्रीनसमोर ओढून बसायचे आणि कॉपी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचे.

लेक म्हणाली, "अगं आई, कॉपी आपोआप होते. बाबांना कशाला बसवतेस दोन दोन तास?"

"आणि मधेच अडकली असेल तर? बघून पास करायला नको?"

"कोण तक्रार करायला येणार आहे आता?"

"नियम म्हणजे नियम," ठिणगी म्हणाली. खरी गोष्ट वेगळी होती. मालकांना काम मिळालं होतं. त्यांची पाठ सरळ झाली होती. पेन्सिलीला टोक करून ते खिशाला लावून बसत, आणि सिनेमा संपला की पाकीट उघडून जुन्या 'पास'खाली नवं 'पास' लिहीत. बाजूच्या स्टुलावर बसून ठिणगी पुढची डिस्क पुसत असायची. तिला वाटायचं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट अगदी नीट केली.

सोळाव्या दिवशी सकाळी चहा पिताना तिनं सहज एक वाक्य टाकलं. आदल्या दिवशीच्या सिनेमातलं, मालकांच्या आवडीचं. त्याचं उत्तर तोंडातून सुटल्याशिवाय ते राहायचे नाहीत. कपातला चहा सांडेल, पण उत्तर द्यायचे.

मालकांनी तिच्याकडे बघितलं. "हे कुठलं गं?"

"कालचं. काल पास केलात तो."

"हो का?" ते म्हणाले, आणि बिस्किट बुडवलं.

तिला वाटलं, चेष्टा करतायत.

४

मिनिटं तिला पाठ होती. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण पाकिटावरची मिनिटं वाचून गिऱ्हाइकाला सांगणं हे तिचंच काम. म्हणून दोन महिन्यांनी ती चूक तिच्याच डोळ्यांना दिसली. पाकिटावर एकशे बेचाळीस. स्क्रीनवर त्या कॉपीखाली एकशे एकोणपन्नास.

पाकीट चुकीचं छापलं असेल. तिनं दुसरं बघितलं. एकशे सव्वीसचा एकशे तेहतीस झालेला. तिसरा, चौथा, दहावा. प्रत्येक सिनेमा सात मिनिटांनी वाढलेला.

शेजारी शिवणकाम करणारी बाई राहायची, तिच्याकडे जुना प्लेअर होता. एकशे बेचाळीसची डिस्क घेऊन ठिणगी तिच्याकडे गेली. दोघींनी सिनेमा शेवटपर्यंत बघितला. नावं वर सरकून संपली आणि घड्याळ बरोबर एकशे बेचाळीसवर थांबलं.

"काय शोधतेस?" शिंपीणबाईनं दोरा तोडत विचारलं.

"जास्तीची सात मिनिटं."

"मिळाली तर मला चार दे. ब्लाउज राहिलेत."

घरी येऊन ठिणगीनं कॉपी लावली आणि सरळ शेवटाला नेली. नावं संपली. मग काळोख. आधी तिला वाटलं आवाज नाही. मग कान लावला तेव्हा कळलं, आहे. बंद खोलीचा असतो तसला आवाज. पंखा हळू फिरतोय. लाकडाची खुर्ची एकदा कुरकुरली. कुणीतरी घसा साफ केला, दोनदा, दुसऱ्यांदा जरा लांबवून.

मालक मागच्या खोलीत झोपलेले होते. तिनं जाऊन बघितलं. झोपलेलेच होते.

असं घसा साफ करणारे जगात लाखो असतील, तिनं स्वतःला समजावलं. पण दुसऱ्यांदा असं लांबवणारा तिला एकच माहीत होता.

५

ठिणगी रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं.

लेकीला सांगून मालकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि घरात एकटी असताना एक डिस्क लावली. एकशे अठरा मिनिटं. कॉपी झाली. बघितली कुणीच नाही. खाली आकडा आला, एकशे अठरा. तिला इतकं हलकं वाटलं की ती स्वतःशीच हसली.

मालक घरी आले. कॉपी तयार आहे म्हटल्यावर कपडेही न बदलता खुर्चीत जाऊन बसले. तिनं अडवलं नाही, कारण परीक्षा अर्धीच झाली होती. याचं तिला पुढं फार वाईट वाटायचं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं, पाकिटात 'पास' लिहिलं. ठिणगीनं वाकून आकडा बघितला.

एकशे पंचवीस.

दिवेलागणीला ती मुद्दाम दुकानाच्या गोष्टी काढून बसली. ते भांडखोर गिऱ्हाईक, ती पावसात भिजलेली पेटी. मालक शांतपणे ऐकत होते, पाहुण्यांचं ऐकावं तसं. मग त्यांनी विचारलं, "दुकान कुणाचं होतं म्हणालीस?"

त्याच दिवशी तिनं लेकीला सगळं सांगितलं. डिस्क, आकडे, काळोख, खाकरणं. लेकीनं तिचा हात हातात घेतला, आणि तो हात असा घेतला गेला तेव्हाच ठिणगीला कळलं की संपलं.

"आई, बाबांचं वय झालंय. विसरायला होतं. तू त्या मशीनवर कशाला घालतेस?"

"तू शेवट ऐक. एकदा ऐक फक्त."

लेकीनं ऐकलं. सात मिनिटं पूर्ण ऐकलं. "पंख्याचा आवाज येतोय," ती म्हणाली. "आपलाच असेल, आई. माइक चालू राहतो कधी कधी."

"या कॉम्प्युटरला माइक नाही."

"सगळ्यांना असतो," जावई दारातून म्हणाला.

मेंदूच्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले. मेंदूत काही नव्हतं, वयाप्रमाणे थोडं सुकलं होतं, एवढंच. "त्यांना आवडतं त्यात गुंतवून ठेवा," तो म्हणाला. "सिनेमा आवडतात ना? बघू द्या. त्यानं आठवण ताजी राहते."

ठिणगी त्याला असं काही बोलली की बाहेर बसलेल्या पेशंटांनी मान वर केली. पण डॉक्टरनं रागावण्याऐवजी तिलाच गोळ्या लिहून दिल्या.

६

दुसऱ्या दिवशी तिनं तो पत्र्याचा डबा वायरीसकट पिशवीत घातला आणि दुरुस्तीवाल्याकडे आपटला.

"काय केलं यानं?" त्यानं विचारलं.

काय सांगणार? "जास्त वाचतो," ती म्हणाली.

"जास्त वाचणाऱ्या मशीनची तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय," तो म्हणाला. चष्मा कपाळावर चढवून त्यानं डबा उघडला, आत भिंगानं बघितलं, फुंकर मारली. "साधा आहे हो. काही नाही यात." आणि खरंच काही नव्हतं. एक चाक, एक भिंग, दोन पट्ट्या. पातळ, वहीसारखा ड्राइव्ह घेऊन ती घरी आली.

त्या ड्राइव्हनं एकही डिस्क वाचली नाही. आत घ्यायचा, दोनदा कुईं करायचा, बाहेर टाकायचा. डाग नसलेल्या डिस्कसुद्धा. मालक खुर्चीत बसून होते. पहिल्या दिवशी वाट बघत. दुसऱ्या दिवशी नुसतेच. घास तोंडापाशी नेला तर तोंड उघडायचे, चावायचं विसरायचे. पेन्सिल मात्र खिशाला होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ते हळू आवाजात एकसारखं काहीतरी करू लागले, आणि ठिणगीला बऱ्याच वेळानं उमगलं की ते त्या जुन्या ड्राइव्हची घरघर काढतायत. हळू, चढत जाणारी, थांबून परत मागं येणारी.

लेकीनं ते ऐकलं आणि तिचे डोळे भरले.

"बाबांचा एवढा एकच विरंगुळा होता, तोही तू काढून घेतलास?"

"मी काढून घेतला? मी?"

"मग कुणी?"

लेक गेली आणि तासाभरात पत्र्याचा डबा परत घेऊन आली. मालकांनी घरघर ऐकली, पाठ सरळ केली, आणि अख्खी वाटी संपवली. लेकीनं विजयानं आईकडे बघितलं. नवरा जेवतोय, या आनंदात ठिणगीनंही क्षणभर सगळं विसरायचा प्रयत्न केला. तिला आठवत होतं की त्या वेळी दोनशे नव्वद डिस्क उरल्या होत्या.

७

मग तिनं कॉपीच पुसायच्या ठरवल्या.

लेक कामावर, मालक खुर्चीत. ठिणगी हार्ड डिस्कच्या काळ्या डबीपुढं बसली. सगळं निवडून एक बटण दाबायचं, एवढं जावयाकडून शिकून घेतलं होतं, दुसरंच कारण सांगून. निवडलं. बोट बटणावर ठेवलं. आणि काय वाटलं कोण जाणे, एक कॉपी शेवटाला नेऊन तिनं कान लावला.

काळोख होता. पंखा होता. आणि मालक बोलत होते. बारीक आवाजात, एकटेच, त्या सिनेमातली ती आवडीची जागा म्हणत होते. बायकांचा आवाज काढून. मग स्वतःच हसले, ते जुनं हसणं, जे घरात कित्येक आठवडे कुणी ऐकलं नव्हतं.

तिनं दुसरी लावली. तिच्यात ते भांडखोर गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते. तिसरीत लेकीच्या जन्माच्या दिवसाची. कुणाला सांगत होते ते कळत नव्हतं. पण मधेच थांबायचे, समोरच्यानं काही विचारल्यासारखे, आणि मग पुढं सांगायचे.

ठिणगीनं मागं वळून खुर्चीकडे बघितलं. तिथं बसलेला माणूस तिच्याकडे बघत होता, दार वाजवून आलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसा. सभ्यपणानं.

तिनं बोट काढून घेतलं. पुसायचं म्हणजे काय पुसायचं? खुर्चीत जे उरलं होतं ते तर जवळजवळ काहीच नव्हतं. मालक जे काही होते ते त्या काळ्या डबीत होते, सात सात मिनिटांनी. पुसलं तर तेही गेलं. नाही पुसलं तर उरलेलंही जाणार. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाला शिवी द्यावी हे कळेना. तिनं ती डबी पदरात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन बसली. डबी कोमट होती.

दुसऱ्या दिवसापासून कॉपीचं काम लेकीनं स्वतःकडे घेतलं. "तू नको त्रास करून घेऊस, आई," ती म्हणाली. सकाळी निघताना ती पाच पाच कॉपी एकापुढं एक लावून जायची. ठिणगीनं वायर उपसली तर मालक घरघर काढत बसायचे आणि अन्न तोंडात तसंच ठेवायचे. दोन दिवस तिनं तेही सोसून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांची हाडं तिच्या हाताला लागली, तेव्हा वायर परत तिनंच लावली.

८

सहाशे अकरावी डिस्क रविवारी दुपारी संपली. मालकांनी शेवटपर्यंत बघितलं. पाकीट उघडलं, पेन्सिल टेकवली, आणि काय लिहायचं ते त्यांना आठवलं नाही. पेन्सिल बोटांतून सुटून खुर्चीखाली गेली. श्वास चालू होता. डोळे उघडे होते.

लेक आत चहा टाकत होती. "झाल्या का गं सगळ्या?" तिनं आनंदानं विचारलं. "बाबा, अभिनंदन!"

स्क्रीनवरची नावं संपली होती. काळोख आला. ठिणगी स्क्रीनसमोर उभी होती. ती स्वतःशी म्हणत होती, यातही तो पंखाच असेल, दुसरं काही नसेल.

या वेळी काळोख विरळ झाला. आधी जमीन दिसली, मग भिंत, मग भिंतभर पाकिटं. त्यांचीच पुढची खोली होती, पण स्क्रीनच्या बाजूनं दिसणारी. तिच्या जागी कुणी उभं नव्हतं. स्टूलही नव्हतं. फक्त खुर्ची होती आणि खुर्चीत मालक बसले होते. पूर्ण. दुकानातले. केस काळे नव्हते, पण पाठ सरळ होती, आणि डोळ्यांत ते सगळं होतं जे इथं, तिच्या हाताशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून निघून गेलं होतं.

तिनं स्क्रीनला हात लावला. काच.

"मालक," ती म्हणाली.

त्यांनी वर बघितलं नाही. ते बाजूला बघत होते, चित्राच्या कडेबाहेर कुणीतरी होतं तिकडे. कागद सरकल्याचा आवाज आला. मग एक आवाज, ना बाईचा ना पुरुषाचा, कामाला कंटाळलेला, खिडकीआडून अर्ज भरून घ्यावा तसा.

"सगळं आलं का तुमचं?"

"सगळं आलं," मालक म्हणाले.

"काही मागं राहिलं?"

मालकांनी विचार केला. खरोखर विचार केला. "नाही वाटतं."

"आई, साखर किती घालू बाबांच्यात?" लेकीनं आतून विचारलं.

ठिणगीनं खुर्चीतला हात धरला. हात होता, नाडी होती, आणि तरी कुणाचा तरी पडलेला हातमोजा उचलावा तसा तो तिच्या हातात आला. ती स्क्रीनवर दोन्ही तळवे आपटू लागली. तिला सांगायचं होतं की मला माहीत नव्हतं, मी तुमच्या सुखासाठीच केलं, दुसरा ड्राइव्ह घेतला असता तर, बसवलं नसतं तर. तोंडातून फक्त हवा आली.

"शेवटचं एक लिहायचं राहिलंय," तो आवाज म्हणाला. "तुम्ही आपणहून आला नाहीत. इथं आणून कुणी बसवलं?"

मालक कधी खोटं बोलले नव्हते. गिऱ्हाइकाशी नाही, तिच्याशी नाही. आताही त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. विचारलेल्या गोष्टीचं बरोबर उत्तर द्यावं, एवढंच होतं.

"ठिणगीनं."